रविवारचा र

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाने नवा चष्मा लावला, आरशात बघितलं आणि मग आरसा सोडून समोरच्या कारागिराकडेच टक लावली, की पुढचं वाक्य कारागिराला पाठ असायचं.

"तुम्ही ते... रविवार ना?"

"हो, तोच," म्हणत तो चष्म्याची काडी कानामागे नीट बसते का ते बघायचा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, सात वर्षांचा असताना, त्याने एका सिनेमात काम केलं होतं. वसतिगृहात निघालेला मुलगा फाटकापाशी वळतो आणि ढसाढसा रडणाऱ्या बापाला म्हणतो, "बाबा, रडू नका. रविवारी परत येईन." एवढंच. थिएटरात म्हणे रुमाल पुरले नाहीत. लोक त्याचं नाव विसरले, सिनेमाचंही विसरले, रविवार तेवढा चिकटला. दुकानाला सुट्टी नेमकी रविवारीच असते, त्यामुळे परत यायची सोय नाही, हा त्याचा ठरलेला विनोद. त्याला हसणारे आता पन्नाशीच्या पुढचेच उरलेत.

मग गिऱ्हाईक म्हणायचं, "एकदा म्हणून दाखवा ना." तो म्हणून दाखवायचा. गिऱ्हाईक हिरमुसायचं. "आवाज बदलला हो तुमचा."

बदलेल नाही तर काय. तो आवाज त्याचा नव्हताच. ताईचा होता.

हे सहा माणसांना ठाऊक होतं. त्यातली चार आता नाहीत, आणि उरलेली दोन एकाच घरात राहतात.

झालं होतं असं. दिग्दर्शकाने त्याला निवडलं ते डोळ्यांवरून. तोंड उघडायला सांगायचं राहूनच गेलं. आवाज नंतर भरायचा, म्हणून शूटिंगला कुणी कान दिला नाही, आणि र म्हणा की ल, लांबून ओठ सारखेच दिसतात. आवाज भरायच्या खोलीत मात्र हे बालरत्न माइकसमोर उभं राहून छातीठोकपणे म्हणालं, "बाबा, लडू नका. लविवाली पलत येईन." ध्वनिमुद्रक भिंतीकडे तोंड करून हसला. दिग्दर्शकाने डोकं धरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. याची जीभ उचलली जायची खरी, टाळ्याला लागायची मात्र भलतीकडेच.

सोबत आलेली अकरा वर्षांची ताई कोपऱ्यात बसली होती. घरी त्याचे संवाद तिनेच घोटून घेतले होते. तिला राहवेना. "असं नाही रे. असं," म्हणत तिने ते वाक्य म्हटलं, आणि खोलीत कुणी हललं नाही. मग तिला स्टुलावर उभं करून दोन दिवसांत अख्खा मुलगा तिच्याकडून बोलून घेतला. परत येताना आईने दोघांना बजावलं, "घरातली गोष्ट घरात. आणि तू बाहेर तोंड उघडायचं नाहीस. नुसती मान हलवायची." तो मान हलवत राहिला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'विलक्षण गंभीर, अंतर्मुख बालकलाकार'.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

पुढे नव्याचे नऊ दिवस. आणखी दोन सिनेमांत ताईच बोलली, तिसऱ्यात त्याला मुक्या मुलाचं काम मिळालं आणि ते सगळ्यात सहज वठलं. बाराव्या वर्षी ताईने रोज संध्याकाळी घोकून घेऊन त्याला र आणला. त्याच वर्षी आवाज फुटला, मिसरूड आलं आणि काम गेलं. र घेऊन करायचं काय, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पंचविशीत तो प्यायला लागला, कारण पिणारे लोक तरी वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. लग्न तीन वर्षं टिकलं. बायको म्हणाली, "भांडतानासुद्धा तू उजेड कुठून येतोय ते बघून उभा राहतोस." खोटं नव्हतं. ती बॅग घेऊन गेली तेव्हाही तो खिडकीपाशीच होता, डाव्या बाजूने, तीच बाजू चांगली यायची.

पिऊन पडलेल्या भावाला ताईने घरी आणलं, दारू सोडवली आणि ओळखीच्या चष्मेवाल्याकडे काच घासायला बसवलं. ती स्वतः एका मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर होती. "क्रमांक सदतीस, खोली चार," असं माइकवर पुकारायची. रोज शेकडो माणसं तो आवाज ऐकायची आणि आपला नंबर अजून का नाही म्हणून तिच्यावरच वैतागायची.

अशात एक प्रकाशक बाई दुकानात वाचायचा चष्मा करायला आल्या आणि त्यांनी त्याला ओळखलं. म्हणाल्या, "तुमची आठवण म्हणजे एका पिढीची आठवण. लिहा." त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढायला शिडीही लागायची नाही. आता अडचण एवढीच, की त्याचं अक्षर त्यालाही लागत नसे. म्हणून जेवणाच्या टेबलाशी तो सांगायचा आणि ताई टाइप करायची.

दारूबद्दल त्याने खरं सांगितलं, बायकोबद्दलही. बेअब्रू सांगायला सोपी असते, लोक त्यालाच धाडस म्हणतात. चौथं प्रकरण आलं, 'माझा आवाज'. क्षणभर तो थांबला. हा आवाज गेला तर रविवार उरतो कुठे? मग डोळे मिटून सांगू लागला, "त्या दिवशी मी माइकसमोर उभा राहिलो. मी म्हणालो, सर, मी तयार आहे..." समोर बसलेल्या ताईने मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"स्वल्पविराम देऊ?"

"दे," तो म्हणाला.

एक गोष्ट त्याने त्या प्रकरणात घातली नाही. सिनेमा लागल्यावर ताईने, आई नको म्हणत असताना, शाळेत मैत्रिणींना सांगितलं होतं की तो आवाज माझा आहे. मुलींनी तिला खोटारडी ठरवलं आणि याला खालच्या वर्गातून ओढत नळापाशी आणलं. "सांग रे, आवाज कुणाचा?" ताई त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "माझा."

नेमका त्या शब्दात र नव्हता. असता तर पितळ तिथेच उघडं पडलं असतं. वर्षभर मुली ताईला नक्कल करून चिडवत होत्या. तो मात्र स्वतःची समजूत घालायचा, की बोबड्या पोराला दुसरं काय बोलता आलं असतं? खरं सांगायचं म्हणजे केवढी वाक्यं, नुसता र चा बाजार. सगळे हसले असते.

टाइप केलेली पानं त्याने वाचली नाहीत. स्वतःचं वाचलं की डोळे भरून येतात, असं तो सांगायचा. पानं थेट छापायला गेली. पंधरवड्याने दुकानात मुद्रितशोधकांचा फोन आला. निवृत्त मास्तर होते, आवाजातच छडी होती.

"अहो, चौथ्या प्रकरणात र चा ल झालाय. एकोणीस ठिकाणी. तेही फक्त तुमच्या तोंडच्या वाक्यांत. मी सुधारून टाकतो."

"काय झालंय म्हणालात?"

मास्तरांनी वाचून दाखवलं. "'मी म्हणालो, सल, मी तयाल आहे. आणि एका दमात मी ते वाक्य बोललो: बाबा, लडू नका...' बटण खराब आहे का हो तुमचं?"

तो आधी हसला. काच घासायचं यंत्र बंद करावं लागलं इतका हसला. मग हसू गेलं आणि त्याला स्टूल ओढून बसावं लागलं.

"सुधारू नका," तो म्हणाला. "टाइप बरोबर आहे. प्रकरण खोटं आहे. आठ दिवस द्या मला."

घरी ताई कामावरच्या कपड्यांना इस्त्री करत होती. त्याने सांगितल्यावरही तिचा हात थांबला नाही.

"त्या वयात जसा बोलायचास तसं लिहिलं," ती म्हणाली. "त्यात माझं काय चुकलं?"

"चिडलीस तू."

"टाइप करताना चिडले. आपलंच तोंड, आपल्याच हाताने दाबायचं म्हणजे जरा जास्तच झालं."

त्याने टेबलावर लॅपटॉप मांडला आणि पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसला. "चौथं प्रकरण तू सांग. मी टाइप करतो."

"मला काय सांगता येतं? मी नंबर पुकारते."

"मग तसं पुकार."

इस्त्री उभी ठेवून तिने सुरुवात केली. माइक, स्टूल, भिंतीकडे तोंड करून हसणारा माणूस. तो एका बोटाने टाइप करत होता आणि र चं बटण दर वेळी शोधत होता, म्हणजे ते अजूनही त्याला वेळेवर सापडत नव्हतंच. सांगता सांगता ती शाळेच्या नळापाशी आली.

"मुलींनी विचारलं, आवाज कुणाचा. आणि तू..."

ती थांबली. त्याने 'माझा' टाइप केलं. तीनशे वेळा स्वतःला समजावलेला शब्द पडद्यावर किती छोटा दिसत होता. त्याने तो खोडला, आणि तिथे काय म्हणायला हवं होतं ते टाइप केलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"ताई," तो म्हणाला, "'ताईचा' यातही र नव्हता गं."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "मी त्याच दिवशी म्हणून बघितलं होतं."

तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली. "आता ते खोड. तू 'माझा' म्हणाला होतास, तेच लिही. आणि पुढचं घे."