फळ्या टाकून चालणारी लाल गाडी

संपत मारुती शेडगे, राहणार माले, तालुका मुळशी, यांच्यावर पहिला अन्याय झाला तो गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. दुसरा त्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता. पहिला केला बंगल्यांच्या एका नव्या प्रकल्पाने. सणाची सुट्टी बघून, कुणाला न विचारता, त्यांनी आपल्या फाटकासमोर रस्त्यावर डांबराचा स्पीडब्रेकर घातला. त्यावर ना पांढरा पट्टा, ना अलीकडे पाटी. दुसरा अन्याय मी केला. मी संपतदादाचा चुलतभाऊ. रस्त्यासाठी, पाण्यासाठी पत्रकं लिहितो, मोर्चे काढतो. आपल्याला लिहिता येतं याचा मला माज होता, आणि तो दादाला भोवला... तोही मेल्यानंतर.

फोन आला तेव्हा मी लवळ्यात कॉलेजच्या फाटकावर पत्रकंच वाटत होतो. दादाच्या गॅरेजशेजारचा चहावाला म्हणाला, "दादा पडलाय, लगीच ये." पडलाय म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. दादा वहिनीची स्कूटर घेऊन क्लचची वायर आणायला पौडला निघाला होता. रस्ता पावसाने ओला, काळा, आणि त्यावर तो काळाच उंचवटा. मी पोचलो तोवर त्याला नेलं होतं. स्कूटर कुणीतरी उचलून कडेला स्टँडवर नीट लावून ठेवली होती. डोळ्यांपुढून ती जात नाही.

दादाची ओळख मात्र स्कूटरवाला अशी नव्हती. त्याची ओळख म्हणजे ती लाल, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. रस्त्यावरून जाणारे म्हणायचे, बघा गुंठामंत्री, जमीन विकली आणि गाडी घेतली. साफ खोटं. दादाने एक गुंठा विकला नाही. बाणेरच्या कुठल्याशा सोसायटीच्या तळघरात पावसाच्या पाण्यात बुडालेली ती गाडी त्याने भंगारवाल्याकडून उचलली आणि तीन वर्षं गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली खोलून ठेवली. नट-बोल्ट लोणच्याच्या बरण्यांत, प्रत्येक बरणीवर खडूने लिहिलेलं. वहिनी म्हणायची, "घरात मीठ कुटं हाय ते ठावं न्हाई, पन हिचा इस्क्रू कुटं हाय ते अंधारात सांगत्यात." ज्या दिवशी इंजिन बोललं त्या दिवशी दादा गाडीशेजारी मातीत बसून राहिला. हात पुसायचंही भान नव्हतं.

गाडी झाली, पण तिचं पोट इतकं खाली की मुळशीचा एकही स्पीडब्रेकर तिला ओलांडता येईना. मग दादाने परसातली जुनी बैलगाडी मोडली आणि तिच्या तळाच्या दोन सागवानी फळ्या काढून सीटमागे ठेवल्या. स्पीडब्रेकर आला की थांबायचं, उतरायचं, चाकांपुढे फळ्या लावायच्या, पुन्हा बसायचं, मुंगीच्या पावलाने चढायचं, उतरायचं, फळ्या उचलायच्या. पौडपासून माल्यापर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला हे. मी शेजारी असलो की फर्मान निघे, "नेते, उतरा. फळ्या लावा. जरा समाजकार्य करा." मागे पुण्याहून धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागायची, हॉर्न, शिव्या. एकदा एका पोराने काच खाली करून विचारलं, "ओ काका, रस्ता बापाचा आहे का?" दादा शांतपणे म्हणाला, "रस्ता समद्यांचा हाय भाऊ, पन पोट हिचं एकटीचं हाय. दम धर." आणि एकदा तर पारूआत्या डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालत चालत आमच्या पुढे गेली, थांबली, वळून म्हणाली, "काय रं संपत, बस की माज्या मागं, सोडते घरला." दादा स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत होता.

भाद्रपदातल्या पोळ्याला दारात बैल नव्हते, म्हणून तो तिलाच धुवायचा. दिव्यांच्या वर बेगड, छतावर झूल. वहिनी चाकांवर पाणी घालायची, बॉनेटवर पुरणपोळी ठेवायची. गाव हसायचं आणि जेवायलाही यायचं.

आता माझा गुन्हा सांगतो. आमच्याकडे माणूस गेला की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, आणि मजकूर लिहायला लोक माझ्याकडे येतात. त्या संध्याकाळी पाच वाजता मी रडत रडत लिहिलं, "वेगाचा बादशहा, माल्याचा वाघ." खाली दादाचा गाडीला टेकलेला फोटो. शोभतं म्हणून लिहिलं. पत्रकात शोभतं तसं. दहाव्यानंतर मी त्या स्पीडब्रेकरची तक्रार घेऊन पौडच्या पोलीस चौकीत गेलो. साहेबांनी कागद वाचला, आपला मोबाइल काढला आणि फ्लेक्सचा फोटो माझ्यासमोर धरला. "हे कुणी लिहिलंय?" मी म्हणालो, मी. "मग? भावानेच लिहून दिलंय की वेगात असायचा. आम्ही काय वेगळं लिहिलं?" पंचनाम्यात शब्द होता 'भरधाव'. गावात, ग्रुपवर, सगळीकडे तेच, की वेगाचा नाद होता, गेला. मी तक्रारीचा कागद घडी घालून परत खिशात घातला. आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हापासून गाडी अंगणात उभी. वहिनीला ती विकायची होती, मला विकायची नव्हती. मी म्हणालो, "वहिनी, हाच पुरावा आहे. ही गेली तर दादा हळू चालवायचा यावर कोण विश्वास ठेवेल? मोर्चात पुढे हीच ठेवू." वहिनी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, तुमाला मोर्चाला गाडी पायजे. मला अंगण पायजे. येनारा जानारा तिच्याकडं बोट करतोय, हिनंच येगाचा नाद लावून खाल्ला म्हनून. हितं रोज मी ऱ्हाते, तुमी न्हाई."

पोळ्याच्याच दिवशी महाळुंग्याहून गिऱ्हाईक आलं. आयटीतला मुलगा, मूळचा लातूरकडचा, नम्र. यंदा आमचा सण नव्हता, पण वहिनीने सकाळीच चाकांवर तांब्याभर पाणी घातलेलं होतं, ओलं दिसत होतं. मुलाने विचारलं, "ताई, टॉपला किती पळते?" वहिनी म्हणाली, "म्हाईत न्हाई बाबा. आमच्यात तिला चौथा गिअर कदी पडलाच न्हाई." मग तिने सीटमागच्या फळ्या काढून दाखवल्या. "ह्या घेनार का?" तो ओशाळून म्हणाला, "नको ताई, मी एक्सप्रेस वेवर चालवणार." वहिनीने फळ्या भिंतीला लावून ठेवल्या आणि त्याला गाडी न्यायला वसुबारसेला यायला सांगितलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "गाडी जाऊ द्या. तोवर तुमी लिवलेलं तुमीच पुसा."

कसं पुसू? फ्लेक्स मी स्वतः ब्लेडने फाडला. पण फायलीत त्याचा फोटो आहे. गावातले साक्षीदार चालत नाहीत, ते नातेवाईक. मी प्रकल्पाच्या फाटकावर उपोषणाला बसलो, तर रखवालदाराने खुर्ची दिली आणि आत निघून गेला. तो स्पीडब्रेकर अजून तसाच आहे, काळा. वसुबारस जवळ येते आहे, आणि माझ्याजवळ एकही ओळ नाही जी दादाच्या बाजूने बोलेल. फळ्या वहिनीच्या ओट्यावर भिंतीला टेकून आहेत. दोन्हींवर टायरच्या नक्षीचे ठसे आहेत, रुंद आणि सावकाश... पण ते वाचणार कोण?

तुम्ही. हो, तुम्हीच, रविवारी ही पुरवणी वाचणारे. पावसाळ्यात धरण बघायला तुम्ही आमच्या रस्त्याने येता. तुमच्यातल्या शेकडो जणांपुढे ती लाल गाडी आडवी आली आहे, तुम्ही खोळंबलात, हॉर्न दाबलात, त्या काकांना नाही नाही ते बोललात. काही जणांनी व्हिडिओही काढले. लाजू नका. तेच मला हवंय. कुठल्या स्पीडब्रेकरला किती वेळ अडकलात आणि काय शिवी दिलीत ते कागदावर लिहा, खाली सही करा आणि वसुबारसेच्या आत पौडच्या चौकीत नेऊन द्या. माझा भाऊ किती हळू होता, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.