नागाप्पा आणि बिनवासाचा वायू

नेसरीकडचा नागाप्पा कोल्हापुरात लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत भट्टीवर होता. भट्टीच्या वरच्या तोंडापाशी लोखंडी माच होता. त्यावर उभं राहून कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा, आणि भंगार आत टाकायचं, हे काम त्याचं आणि पिराजीचं. पाऊस आत येतो म्हणून मालकांनी माचाला चारी बाजूंनी पत्रे ठोकून घेतले होते.

१९९५ सालच्या एका दुपारी पिराजी म्हणाला, "डोकं जड झालंय, जरा टेकतो." नागाप्पानं चार पाट्या टाकून हाक मारली, तर उत्तर नाही. त्याचेही पाय लटपटत होते. कसाबसा शिडी उतरून त्यानं माणसं बोलावली. पिराजीला खाली आणलं तेव्हा त्याचे गाल गुलाबी दिसत होते, पण जीव गेला होता.

"हार्ट असंल," मालक आण्णा म्हणाले. डॉक्टरांनी मात्र मरणाचं कारण गॅस लिहिलं.

नागाप्पाला ते पटेना. धूर नाही, वास नाही, मग गॅस कसला? तो विमलाबाईंच्या परसातल्या खोलीत भाड्यानं राहायचा, आणि बाई हायस्कुलात विज्ञान शिकवत. त्यानं त्यांनाच गाठलं.

"कोळशाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो," बाई म्हणाल्या. "त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तोच अडवून बसतो."

"मग असला इखारी वायू कुणाच्या काय कामाचा?"

"कामाचा आहे की. खनिजातून लोखंड मोकळं होतं ते त्याच्यामुळं. गिअर कडक करायच्या भट्टीतही तोच वापरतात. निळ्या ज्योतीनं जळतो, इंधन म्हणूनही चालतो. त्याला कोंडायचं मात्र नाही."

दुसऱ्या दिवशी नागाप्पा आण्णांपुढं उभा राहिला. "माचाचं पत्रं काढा. त्याबिगार मी वर चढणार न्हाय."

"बारा वर्सं भट्टी चालतीय, काय झालंय?"

"पिराजी गेलाय की."

आण्णांनी दुसरी माणसं चढवून पाहिली. भट्टीचा मेळ बसेना, लोखंड ओतताना थिजायला लागलं. नागाप्पा रोज वेळेवर येऊन फाटकापाशी बसायचा आणि सुट्टी झाली की उठायचा. पाचव्या दिवशी तीन बाजूंचे पत्रे निघाले. गॅस मोजायचं यंत्र मागितलं, त्याला मात्र आण्णांनी साफ नकार दिला.

२००२ साली कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गिअर कडक करायच्या कारखान्यात त्याला काम लागलं. इथं तोच वायू मुद्दाम तयार करून तापल्या गिअरवर सोडत, म्हणजे त्यातला कार्बन पोलादात मुरायचा. भिंतीवर मोजयंत्र होतं. नागाप्पा कामावर आला की पहिल्यांदा ते तपासायचा. पोरंसोरं हसायची, तो तिकडं लक्ष द्यायचा नाही.

एकदा यंत्र किंचाळलं. नवा इंजिनिअर गुरुप्रसाद म्हणाला, "काका, सेन्सर बिघडलाय. वास तरी येतोय का?"

"त्याला वासच नसतो, साहेब. भाईर चला."

"भट्टीत गिअरचा लोड अर्धाच झालाय, असा सोडून..."

नागाप्पानं त्याचं मनगट धरलं आणि ओढतच अंगणात आणलं. बाकीच्यांना हाका मारून काढलं, वायूची वाहिनी बाहेरच्या कॉकवर बंद केली आणि सगळी दारं उघडायला लावली. गुरुप्रसाद भिंतीला धरून ओकला. तो दिवसभर दवाखान्यात राहिला. तपासणीत वाहिनीचा सांधा उकललेला सापडला.

आठवड्यानं गुरुप्रसाद कामावर आला आणि थेट नागाप्पाकडं गेला.

"काका, हे यंत्र तपासायचं कसं, दाखवा मला."

"बसा," नागाप्पा म्हणाला, "आधी ह्यो वायू काय हाय, ते सांगतो."