जोडवी वाजली तेव्हा

परवा विमानतळावर तपासणीचं यंत्र माझ्या पायाशी वाजलं आणि मला अठ्ठ्याण्णव सालचा, आखातातला जुमेराचा किनारा आठवला.

नवरा वारून तीन महिने झाले होते. दर शुक्रवारी सकाळी तो मेटल डिटेक्टर घेऊन वाळूत नाणी शोधायचा. यंत्र विकण्याआधी निदान एक नाणं आपण शोधायचं, असं मी ठरवलं. त्याचे रत्नागिरीचे मित्र इस्माईलभाई शिकवायला आले.

"हळू वहिनी, झाडू मारताय काय? खोलातलं नाणं बारीक वाजतं."

बारीक आवाज सारखाच येत होता. ओल्या, खारट वासाच्या वाळूत मी चार खड्डे खणले. काहीच नाही. इस्माईलभाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि लगेच समुद्राकडे.

"तुमची जोडवी वाजतायत, वहिनी."

ती काढ म्हणून सासूबाईंचे गावाहून फोन येत होतेच. मी खाली वाकले.

"राहू द्या. दांडा लांब करू, खलास!" त्यांनी स्क्रू सैल करून दांडा बाहेर ओढला, तशी यंत्राची चकती माझ्या पायांपासून लांब गेली.

थोड्या वेळाने वीतभर खोल एक दिरहम सापडला. दांड्याचं ते मला तेव्हा निव्वळ शिकवणीतली युक्ती वाटलं होतं.

"काढता येतील का?" विमानतळावरच्या मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "यंत्र जरा लांब धर."