शकीला आपाने परत केलेला डबा

शकीला आपाला मी लबाड ठरवलं होतं.

अख्ख्या गल्लीत. माझ्याच तोंडाने.

आज तिला जाऊन वर्ष झालं. मी फोनमध्ये बोलतेय, तो लिहितोय. चुका काढत बसू नका.

आपा आमच्या शेजारी, अंबडला. गल्लीत कुणाचंही औषध आलं की आधी आपाकडे. चष्मा लावायची, पाकीट लांब धरायची. "ही जेवून. ही उपाशीपोटी. आणि लता, ही तुझी नायच. ठेव खाली." लता म्हणजे मी.

मग एकदा गोळ्यांच्या कंपनीची मॅडम आली. समाजमंदिरात टेबल टाकलं. एकेक बाईला आत बोलवायचं, गोळ्यांचं खोकं हातात द्यायचं. "वाचा आणि सांगा, ही तुम्ही स्वतः घ्याल का?"

अंगदुखीची गोळी. तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायची, पुढे बिनचिठ्ठीची विकायची म्हणे. त्याआधी खोक्यावरचं लोकांना कळतं का ते बघायचं.

मला तेव्हाच शंका आली. आम्हाला कळो न कळो, कंपनीला एवढी काळजी कशाला? वर प्रत्येकीला स्टीलचा डबा. फुकट!

आपा पहिली गेली. बाहेर आली तशी आम्ही तिला घेरलं. काय विचारतात गं?

"बीपीवाल्यांनी विचारल्याशिवाय घ्यायची नाय, असं लिहिलंय. लता, तू तेच सांग. बीपी हे, डॉक्टरला विचारीन."

मी आत गेले. मुंगीएवढी अक्षरं. बघितल्यासारखं केलं आणि आपाचं उत्तर धाडकन फेकलं.

मॅडम खूश. "ताई, तुम्हाला छान समजलं!"

डबा घेतला, घरी आले.

दुसऱ्या दिवशी बघते तर आपा सुनेला घेऊन परत समाजमंदिरात. हातात पिशवी.

झालं! मी सांगत सुटले, आपाची मॅडमशी सेटिंग हाय. आपल्याला एकेक डबा, हिला पिशवीभर.

नळावर तिने विचारलं, "लता, बोलत का नाय गं?"

"मोठ्या लोकांशी काय बोलायचं," मी म्हटलं.

ती हसली. हंडा उचलून गेली. त्यानंतर मी तिच्याशी बोललेच नाही.

मग एका सकाळी तिला अटॅक आला. गेली.

मयतीला गेले, तर सून निलोफर मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, अम्मी त्या दिवशी डबा परत द्यायला गेली होती. मॅडमला म्हणाली, सगळ्या बायांनी माझी उत्तरं सांगितली, खोडा ती. लताला बीपी हे, तिला खोकं वाचता येत नाय. तिला समजलं असं लिहू नका."

"मग? खोडलं?"

"फॉर्म पुढे गेले म्हणाल्या."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"अम्मी म्हणाली, वाचता येत नाय असं मी परक्या बाईसमोर बोलले, हे कळलं तर लताला लाज वाटेल."



ती गोळी बिनचिठ्ठीची झाली का, मला ठाऊक नाही. पण कुठल्यातरी कागदावर अजून लिहिलेलं असणार, लताला छान समजलं. कुणी त्या कागदावर भरवसा ठेवू नका.

गल्लीतल्या बायांनो, आपाबद्दल मी बोलले ते खोटं होतं. पिशवीत तिचाच डबा होता.

आणि मला नीट वाचता येत नाही. आता मीच सांगते.

आपा, माफ कर. लताचा शेवटचा सलाम घे.