काका माल तपासून देतात

आमचा गेमचा धंदा बाळकाकांनी बुडवला. दुष्काळानं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या सालात आमच्या घरी दूध नासलं तरी दुष्काळामुळंच नासायचं, आणि काका अजूनही लोकांना तेच कारण सांगतात. नाथसागर धरण तळाला गेलं होतं, पण काकांच्या किश्श्यांचा साठा मात्र दर आठवड्याला वाढत होता. चार लोक जमले की अजूनही एखादा निघतोच. सगळे हसतात. मीही हसतो, थोडा वेळ.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. सरकारी हापिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, सिडकोत झेरॉक्सचं दुकान. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडल्यावर त्यांनी मला तिथला अर्धा काउंटर दिला, आणि आल्यागेल्याला ते सांगतही राहिले. तिथं मी आणि सिद्धार्थ व्हिडिओ गेम विकायचो, जुने परत घ्यायचो, पुन्हा विकायचो. सिद्धार्थ माझा कॉलेजातला मित्र. मी कॉलेज सोडलं, त्यानं मला सोडलं नाही. गिऱ्हाईक सगळं त्याच्या शब्दावर यायचं. तो नसता तर माझ्याकडं नुसती काउंटरची काच होती.

*

त्या वर्षी एका कोड्यांच्या गेमचा दुसरा भाग आला. बंद खोलीत अडकायचं, डोकं लावून बाहेर पडायचं, की समोर पुढची खोली. पोरं काउंटरला टेकून वाद घालायची, पहिला भारी का दुसरा.

काकांनी एकदा चष्मा वर केला. "पहिल्या भागात सुटला नाही का रे तो माणूस?"

"सुटला ना काका," सिद्धार्थ म्हणाला.

"मग परत कशाला आत घातला?"

"प्रमोशन झालं त्याचं."

काका हसले नाहीत. हेडक्लार्कच्या पुढं ते कधी गेले नव्हते.

*

आम्ही जेवायला गेलो की काका आमचंही काउंटर बघायचे. एकदा कन्नडहून एक पोरगा बापाला घेऊन आला, दुसरा भाग पाहिजे म्हणाला. काकांनी विचारलं, "पहिला खेळलास?" पोरगा नाही म्हणाला.

"मग दुसरा मिळणार नाही. नापासाला पुढच्या वर्गात बसवतात का?"

बाप खूश झाला, पोराला तसाच घेऊन गेला. आम्ही परत आल्यावर काकांनी हे सगळं अभिमानानं सांगितलं. सांगताना बघत माझ्याकडं होते.

*

बीड बायपासला तेव्हा नवे टॉवर उभे राहत होते. नावात लेक, रिव्हर असलं काही ना काही, आणि खाली टँकरची रांग. तिथले एक साहेब डिस्क परत घेऊन आले.

"पोरगा तीन नंबरच्या खोलीत अडकलाय. पाणी सोडायचंय, पण नळ सापडत नाही. काहीतरी डिफेक्ट आहे."

"डिफेक्ट नाय साहेब," सिद्धार्थ म्हणाला. "आमच्या गल्लीत पण तीच लेव्हल चालू आहे."

*

दुकानात पाण्याचा एकच माठ होता. उन्हाळा लागला तसे काका एक दिवस स्टीलची बाटली घेऊन आले आणि सिद्धार्थच्या पुढ्यात ठेवली. "तुला माठाचं लई गार लागत असेल. ही तुझी वेगळी."

मला कळलं. सिद्धार्थला माझ्या आधी कळलं होतं. तो म्हणाला, "बाटली झकास आहे काका. वर माझं नाव टाका, नाहीतर चुकून तुम्ही प्याल."

काकांनी मार्कर घेतला आणि टाकलं. अक्षर मोत्यासारखं होतं.

*

आमची खरी कमाई गेमच्या डब्यातल्या चिठ्ठीवर होती. डबा एक, पण आत डिस्क टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर चालणारी, आणि सोबत एका चिठ्ठीवर कोड. तो टाकला की तोच गेम कॉम्प्युटरवर यायचा. डिस्क एकाला विकायची, चिठ्ठी दुसऱ्याला. अट एवढीच की कोड एकदाच चालतो. होतं नव्हतं ते घालून आम्ही मोठा लॉट उचलला, आणि सिद्धार्थनं चिठ्ठ्या आपल्या शब्दावर होस्टेलच्या पोरांना विकल्या.

दुसऱ्या दिवशी पोरं दुकानात. "भाई, कोड आधीच वापरलाय म्हणतंय. सगळ्यांचाच."

सिद्धार्थ माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. काका मधे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या घरातला पोरगा असलं करणार नाही. बाकी कुणाचं मी सांगत नाही."

मी म्हणालो, "काका, काय बोलताय?" तोवर सिद्धार्थनं खिशातली शटरची चावी काचेवर ठेवली होती. तो गेला. पोरंही त्याच्या मागं गेली.

काका शांतपणे झेरॉक्सच्या कॉम्प्युटरकडं वळले. "आणि चिठ्ठ्या खराब कशा असतील? मी स्वतः तपासल्यात. तुम्ही जेवायला जायचात तेव्हा एकेक कोड टाकून बघितला. चालतोय की नाही बघितल्याशिवाय माल द्यायचा नसतो. एकेका कोडला गेमचं स्वतंत्र खातं उघडलं, घोळ नको म्हणून."

मी विचारलं, "खात्यांचे पासवर्ड?"

"ते कुठं लिहून ठेवायचे नसतात. बँकेत बोर्ड आहे."

"लक्षात आहेत?"

"एवढे कसे राहतील?"

मी तसाच सिद्धार्थच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "तुला माहिताय, मला माहिताय. त्या पोरांना कोण सांगणार? माझ्या आईला कोण सांगणार? काकांनी चारचौघांत म्हटलंय, काकांनी इथं येऊन म्हणावं. एवढंच."

दुकानात परत आलो. काका कूलरसमोर बसले होते. म्हटलं, "काका, उठा. सिद्धार्थच्या घरी चला. चूक माझी होती, एवढं तुम्ही म्हणायचं फक्त."

काकांनी दुकानाबाहेर बघितलं.

"एवढ्या उन्हात?"

मला शहरात तो एकच मित्र होता. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.