मोबाइलमधलं लग्न

नारायणगावात एसटी स्टँडमागच्या गाळ्यात अमृता दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसायची. नवरा रत्नदीप लग्नांचं शूटिंग करायचा. त्यानं आणलेल्या कॅसेटी कापून-जोडून सीडी बनवायची, हे तिचं मूळ काम. पण २००९च्या सुमाराला ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि तिच्यामागं नवंच लचांड लागलं. जीपवाले, टोमॅटोच्या गाड्या भरणारे, कॉलेजची पोरं, सगळे मेमरी कार्ड घेऊन यायचे. सीडीवरचा पिक्चर मोबाइलवर तसाच चालत नसे. तो लहान करून मोबाइलला चालेल अशा फाइलमध्ये बदलावा लागे. मशीन जुनं. पडद्यावरची पट्टी सरकता सरकत नसे आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी आळे गावाला घरी जाताना जीपमध्ये तिचा डोळा लागायचा, तर ड्रायव्हरनं तिनंच भरून दिलेली गाणी लावलेली असायची.

द्राक्षांच्या दिवसांत एका दुपारी सखूबाई आल्या. त्या आंबेगावच्या डोंगरातल्या, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या. बागेत तोडणीला टोळीबरोबर आलेल्या. पिशवीतून त्यांनी मुलीच्या लग्नाच्या सीड्या काढल्या आणि जावयानं दिलेला मोबाइल काढला. लग्न रत्नदीपनंच शूट केलेलं.

अमृताचं सकाळपासून डोकं ठणकत होतं. एवढं सगळं कार्डात मावणार नाही, हळद घ्यायची की मंगलाष्टकं ते सांगा, असं ती म्हणाली.

"समदंच पायजे," सखूबाई म्हणाल्या. "मी काईच बघितलं न्हाई."

मग हळूहळू कळलं. लग्नादिवशी आचारी आलाच नव्हता. वऱ्हाड दारात येऊन थांबलेलं. सखूबाई आणि त्यांची जाऊ चुलीपाशी गेल्या त्या तिथंच राहिल्या. हात धुऊन पुढं आल्या तेव्हा मुलगी जीपमध्ये बसत होती. घरात टीव्ही नाही, त्यामुळं सीड्या पेटीतच पडून होत्या.

सगळं मावायचं तर चित्र धुरकट होईल, चालेल ना, एवढं विचारून अमृतानं काम लावलं. दुसरी सीडी होत आली आणि लाइट गेली. उद्या या, असं तिनं सांगितलं. उद्या खाडा केला तर मुकादम टोळीतून काढील, असं म्हणत सखूबाई पायरीवरच बसल्या. लाइट आली तेव्हा ती सीडी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली.

पट्टी सरकत असताना अमृता कंटाळून पडद्याकडं बघत बसली. सुरुवातीला फुलांच्या चौकटीत अक्षरं आली, 'सावळेराम व सखूबाई यांची कन्या'. ती तिनंच टाइप केली होती. पण सगळे पाहुणे, फेटे, वाजंत्री, जेवणाच्या पंगती येऊन गेल्या, तरी सखूबाई कुठंच दिसल्या नाहीत. सीडी बनवताना हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा काम झालं. सखूबाईंनी मोबाइल हातभर लांब धरला. मंगलाष्टकं चालू होती, अक्षता पडत होत्या आणि नवरी सारखी मान वळवून मांडवाच्या मागच्या बाजूला बघत होती.

"ही कोणाला बघती?"

"तुम्हालाच, मावशी."

चित्र मागं न्यायचं कसं, तेवढं सखूबाईंनी विचारलं. अमृतानं बटण दाखवलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा दाबलं, मग मोबाइल पदरात गुंडाळून जीपकडं गेल्या.

घरी अमृतानं रत्नदीपला सांगितलं, की एकदा तरी चुलीकडं कॅमेरा नेत जा. तो दमून आला होता. पाहुणे दिसले नाहीत तर भांडायला येतात, चुलीचं कोण विचारतंय, असं तो म्हणाला. तिनं वाद घातला नाही. पण पुढच्या एका कॅसेटीत मांडवामागची बाई निघाली. भात हलवत होती, कॅमेरा बघून हातानं हाकलत होती. अमृतानं तो तुकडा सीडीत ठेवला. त्या नवरीचे वडील, चूल कशाला दाखवली, अशी तक्रार घेऊन आले, तेव्हा मुकाट काढून दिला.

काही महिन्यांनी तीच नवरी आपलं लग्न मोबाइलमध्ये भरून घ्यायला आली. अमृतानं तो तुकडा असलेली जुनी फाइल शोधली आणि तशीच मोबाइलसाठी बदलून कार्डात टाकली. मुलगी कार्ड घेऊन गेली. तिनं नंतर ते पाहिलं की नाही, कोण जाणे. मागं आणखी गिऱ्हाइकं कार्ड घेऊन उभी होती.