सरळ शिलाईचं झबलं

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या त्या शिंप्याला सगळे 'म्हणूनमास्तर' म्हणत. गिऱ्हाईक आत शिरायचा अवकाश, मास्तर टेप बाजूला ठेवून त्याचं घरदारच मोजायला घेत. पँट सैल करायला आणली, म्हणून बढती मिळाली असणार. आत चोरखिसा हवा, म्हणून बायकोशी बिनसलं असणार. चार वेळा नेम लागला आणि लोकांनी मास्तरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

मग त्यांच्या स्वतःच्या सुनेने ऑफिसच्या दोन पँट कमरेत सैल करायला दिल्या. मास्तरांचा निकाल तयारच होता. नव्या सुनेची कमर वाढते ती एकाच कारणाने. हिची वाढली आहे. म्हणून आपण आजोबा. कुठे फट नव्हती. पँट राहिल्या बाजूला, मास्तरांनी आधी मऊ कापडाचं झबलं शिवलं. रविवारी सुनेचे आईवडील जेवायला आले, तेव्हा ते तिच्या ताटाशेजारी ठेवून त्यांनी आजोबा होत असल्याचं जाहीर केलं.

सून उठून आत गेली. मुलानेच खालमानेने सांगितलं: मूल होण्याची आशा थोडी आहे, त्यासाठी औषधं चालू आहेत आणि त्या औषधांनी तिचं अंग सुजतंय. मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही ना.

मास्तरांना तोंड कुठे लपवावं ते कळेना. ते दुकानात जाऊन बसले. मनात सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. एकातून दुसरं नीटच निघत होतं. पण पहिलीच गोष्ट खोटी होती, आणि ती खरी आहे का हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. माप चुकलं तर सरळ शिलाई काय चाटायची, असं म्हणून दुसऱ्या शिंप्यांना हसण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी झबलं उसवायला घेतलं. शिलाई इतकी पक्की, की टाका सुटेना.

तेवढ्यात सून दारात आली. मास्तरांनी झबलं मांडीखाली सरकवलं.

"चुकलं माझं, पोरी. आधी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं, बाबा. तुम्ही विचारत नाही, सांगता." मग ती म्हणाली, "पँट झाल्या का? आठवडाभर बाकीच्या काचतायत मला."

दोन्ही पँट तशाच घडी घालून पडल्या होत्या.